दारामागच्या पेटीची शंभर वर्षे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या घराच्या मुख्य दारामागे, बहुधा चपलांच्या कपाटाच्या वर, एक पेटी असते. पांढरी किंवा करडी, पुढे धुरकट प्लॅस्टिकचे झाकण आणि आत ओळीने बसवलेले खटके. कुणी तिला डीबी म्हणतो, कुणी एमसीबीची पेटी, तर जुनी माणसे अजून 'मेन' म्हणतात. बऱ्याच घरांत तिच्यावर कॅलेंडर टांगून ती झाकून टाकलेली असते. तिची आठवण होते ती खटका पडून अर्धे घर अंधारात गेले की. मग कुणीतरी स्टुलावर चढतो आणि खटका वर करतो. तो पुन्हा पडतो, पुन्हा वर केला जातो. असे तीन-चारदा झाले की वायरमनला बोलावणे जाते आणि त्याला सांगितले जाते, "हा सारखा पडतोय, जरा मोठा बसवून द्या."

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या हजारो घरांत बोलले जाणारे हे वाक्य साधे वाटते, पण त्यात जिवाशी खेळ आहे. तो कसा, हे कळायचे तर या पेटीचा इतिहास थोडा पाहायला हवा. तिच्यातली सगळी उपकरणे एकाच वेळी आलेली नाहीत. एकेक धोका माणसाच्या लक्षात येत गेला, तसतसे एकेक उपकरण तिच्यात येऊन बसले. म्हणूनच प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

सुरुवात १८८२ सालापासून करू. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले, हा भाग निराळा. पण वीज तारांतून घरात न्यायची म्हटल्याबरोबर पहिला धोका कळून चुकला होता. तो होता आगीचा. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह गेला की तार तापते, तिच्यावरचे आवरण जळते आणि भोवतालचे लाकूड पेट घेते. त्यावर एडिसन आणि त्याच्या काळातल्या मंडळींनी काढलेला उपाय फार साधा होता. सगळ्या तारांमध्ये एक तुकडा मुद्दाम कच्चा ठेवायचा. प्रवाह वाढला की तो तुकडा आधी वितळेल आणि बाकीची तार वाचेल. हाच फ्यूज. सरकारी मराठीत त्याला 'वितळतार' असा छान शब्द आहे.

आपल्या भागात वीज मोठ्या प्रमाणावर आली ती सह्याद्रीवरून. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यामागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. मग रेल्वेने वीज घेतली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हीटीवरून कुर्ल्याला भारतातली पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या पाच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा नेल्या. एवढ्या गाड्यांना लागणारी वीज आपली आपणच तयार करावी म्हणून या रेल्वेने कल्याणच्या अलीकडे, ठाकुर्लीला, कोळशावर चालणारे स्वतःचे वीजकेंद्र उभारले. हेच चोळ्याचे पॉवर हाऊस. १९८०च्या दशकात ते बंद पडले, पण ठाकुर्लीतल्या जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात 'पॉवर हाऊस' अजून आहे. म्हणजे डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधोमध, शेतांच्या आणि खाडीच्या शेजारी, १९२९च्या सुमारास एक मोठे वीजकेंद्र धडधडत होते. मात्र ते रेल्वेचे होते आणि गाड्यांसाठी बांधलेले होते.

अशा वीजकेंद्रात वितळतार पुरत नाही. तिथले प्रवाह प्रचंड असतात. एकदा तार वितळली की नवी घालेपर्यंत गाड्या थांबणार. म्हणून तिथे आपोआप उघडणारे आणि पुन्हा बंद करता येणारे मोठे ब्रेकर आधीपासून वापरात होते. एकेक ब्रेकर कपाटाएवढा किंवा त्याहून मोठा. तो घरात कसा आणणार? या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतल्या मानहाइम शहरात मिळाले. तिथल्या ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्याने १९२४ मध्ये मुठीत मावेल अशा ब्रेकरचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला एमसीबी म्हणतो, त्याचा हा पूर्वज. त्याच्या आत दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. प्रवाह थोडासाच जास्त असेल तर ती हळूहळू तापून वाकते आणि काही वेळाने खटका पाडते. दुसरे म्हणजे तारेचे वेटोळे. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकदम उसळला की त्याचे चुंबक होते आणि ते डोळ्याचे पाते लवायच्या आत खटका पाडते. ही रचना लक्षात ठेवा. खटका लगेच पडला की काही वेळाने पडला, यावरून दोष कोणत्या जातीचा आहे ते कळते.

भारतात विजेची गाडी धावायच्या आधी वर्षभर घरगुती ब्रेकरचे पेटंट निघालेले होते. आपल्या घरांत तो यायला मात्र पुढे साठेक वर्षे लागली. मधल्या काळात आपल्याकडे राज्य होते ते चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचे.

ठाण्यात वीज वाटण्याचे काम पूर्वी ठाणा इलेक्ट्रिसिटी सप्लाय ही खासगी कंपनी करीत असे. गंमत अशी की तिचे नाव आज वकिलांना जास्त ठाऊक आहे, कारण एका हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या हायकोर्टावर बंधनकारक असतो का, या प्रश्नावर १९९३ मध्ये मुंबई हायकोर्टाने जो निकाल दिला, तो याच कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० रोजी राज्य वीज मंडळ स्थापन झाले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बिलांवर 'महावितरण' हे नाव आले.

वीज मंडळाच्या सुरुवातीच्या काळातले घर आठवून पाहा. भिंतीवर सागवानी पट्ट्या, त्यांवर खिळ्यांनी बसवलेली वायर, काळे गोल बटण आणि लाकडी बोर्डावर किटकॅटची जोडी. घरात चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ. सगळे एकदम लावले तरी चारशे वॉटच्या आसपास, म्हणजे दोन अँपिअरसुद्धा नाही. त्या घराला पाच अँपिअरची वितळतार पुष्कळ होती.

मग घरे वाढली आणि घरातल्या वस्तूही वाढल्या. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, १९८२च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत टीव्ही आला. मिक्सर, इस्त्री, फ्रिज, गिझर, धुलाईयंत्र अशी रांग लागली. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली, १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका. त्या दोन दशकांत चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींची गर्दी उभी राहिली. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर गेलेली दिसते. यातल्या असंख्य घरांच्या भिंतींत आजही त्या काळची वायर आहे. काही ठिकाणी ती तांब्याची नसून ॲल्युमिनियमची आहे, कारण तांबे बाहेरून आणावे लागे आणि महाग पडे. ॲल्युमिनियमचा स्वभाव असा, की स्क्रूखाली दाबले की काळानुसार ते पसरते आणि जोड सैल होतो. सैल जोड तापतो.

आता हिशेब करा. त्याच घरात आज दीड टनाचा एसी, दोन हजार वॉटचा गिझर आणि दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी आहे. सकाळच्या घाईत तिन्ही एकदम चालू झाली तर साडेपाच हजार वॉट, म्हणजे चोवीस अँपिअर. वायर दोन अँपिअरच्या संसारासाठी घातलेली आणि तिच्यावर चोवीस अँपिअरची गर्दी.

किटकॅटच्या काळात या गर्दीवर घराघरांत एक उपाय होता. वितळतार सारखी जाते ना, मग जुन्या वायरीतल्या तीन-चार बारीक तारा पिळून घाला. तार जायची थांबे आणि सगळे खूश होत. खरे तर विकत आणलेली वितळतारसुद्धा तिच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाहाला वितळते, त्यात ही घरगुती भर. मग इमारतीच्या पोटात सर्वांत कच्चा दुवा उरे तो भिंतीतली वायर. ती कुठे तापते आहे हे कोणालाच दिसत नसे. १९८०-९०च्या दशकांत घरोघरी एमसीबी आले, तेव्हा ही तार घालायची सोय संपली. माणसाची सवय मात्र संपली नाही. आता तो सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवायला सांगतो. हे पिळलेल्या तारांचेच नवे रूप आहे. एमसीबीवरचा आकडा आपल्या गरजेनुसार ठरवायचा नसतो, भिंतीतल्या वायरच्या जाडीनुसार ठरवायचा असतो. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला बत्तीसचा एमसीबी लावणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे. मोठा एमसीबी हवा असेल तर आधी जाड वायर हवी आणि महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यायला हवा.

इथपर्यंत आपण बोललो ते आगीबद्दल. आता दुसऱ्या धोक्याकडे येऊ. तो अधिक क्रूर आहे आणि माणसाला तो उशिरा कळला.

आपल्यापैकी बहुतेकांना वाटते, की एमसीबी आहे म्हणजे शॉक लागला तर तो पडेल आणि आपण वाचू. हे खरे नाही. ओल्या हाताने, अनवाणी पायाने एखाद्याचा स्पर्श जिवंत तारेला झाला, तर त्याच्या शरीरातून ढोबळ मानाने पाव अँपिअरच्या आत-बाहेर प्रवाह जाईल. सोळा अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा लागल्यासारखे. तो ढिम्म हलणार नाही. माणसाचा जीव जायला मात्र तेवढा प्रवाह पुरेसा आहे, किंबहुना कितीतरी जास्त आहे. थोडक्यात, फ्यूज आणि एमसीबी वायरीचे रक्षण करतात, माणसाचे नाही.

किती प्रवाह माणसाला मारतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी केला. स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन, प्रवाह हळूहळू वाढवत, कोणत्या क्षणी माणसाला आपली मूठ सोडवता येत नाही ते त्यांनी मोजले. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरी सोळा मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. 'शॉकने धरून ठेवले' असे आपण म्हणतो, त्यामागचे सत्य हे आहे. वीज माणसाला धरत नाही. आपलेच स्नायू आवळले जातात आणि मूठ उघडत नाही.

मग एवढा बारीक प्रवाह ओळखणारे यंत्र हवे होते. १९५०च्या दशकात युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत त्यावर काम झाले. १९६१ मध्ये डॅलझील यांनीही अमेरिकेत असे यंत्र तयार केले. त्याचे तत्त्व एखाद्या चोख हिशेबनिसाचे आहे. फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. तीस मिलिअँपिअर जरी कमी परत आला, तरी तो कुठेतरी गळतो आहे, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीत जातो आहे, असे समजून हे यंत्र सेकंदाच्या एका छोट्या अंशात वीज तोडते. आपल्याकडे त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात. पेटीवर आता आरसीसीबी असे लिहिलेले असते. सोळा अँपिअर आणि तीस मिलिअँपिअर यांत पाचशे पटींहून अधिक अंतर आहे. एमसीबी आणि आरसीसीबी यांच्या नजरेतला फरक एवढा आहे.

आपल्याकडे १९१०चा वीज कायदा, १९५६चे नियम, मग २००३चा नवा कायदा अशी परंपरा आहे. २०१०च्या केंद्रीय सुरक्षा विनियमांत पाच किलोवॉट आणि त्यावरच्या जोडण्यांना गळतीपासून संरक्षण आवश्यक ठरवले गेले. २०२३ मध्ये नवे विनियम आले. पण नियम बदलले म्हणून तुमच्या दारामागची पेटी आपोआप बदलत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत ती उघडून पाहिली, तर अनेकदा एमसीबी दिसतात, पण 'टी' अक्षराचे छोटे बटण असलेला तो रुंद खटका दिसत नाही. तो नसेल तर त्या घरात वायरीला संरक्षण आहे आणि माणसांना नाही, असे समजा.

या यंत्राची एक साथीदारीण आहे, अर्थिंग. इमारत बांधताना आवारात खड्डा करून, त्यात पत्रा किंवा नळी पुरून, भोवती मीठ आणि कोळसा भरून हे अर्थिंग केलेले असते. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची पद्धत होती. नंतर सोसायटीने आवारात फरशा बसवल्या, खड्डा खाली गेला आणि तो कुठे होता हे कुणालाच ठाऊक राहिले नाही. अर्थिंग चांगले असले, तर गिझरच्या पत्र्यात उतरलेली वीज आधीच जमिनीत जाते आणि माणूस हात लावायच्या आत खटका पडतो. ते नसले, तर खटका पडायला माणसाचा हातच लागावा लागतो.

आपल्या भागाच्या गेल्या वीस वर्षांनी या गोष्टीत तीन धडे घातले आहेत.

पहिला भारनियमनाचा. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली आणि २००५ पासून पुढची काही वर्षे ठाणे, कल्याण, डोंबिवलीला रोज ठरलेले तास अंधार सोसावा लागला. मुंबईला त्यातून सूट होती. मुलुंड आणि भांडुप मुंबईत असूनही महावितरणकडे असल्याने तिथे मात्र दिवे जात. त्या काळात घराघरांत इन्व्हर्टर आले आणि घाईघाईने जुन्या वायरिंगला जोडले गेले. त्याचा एक परिणाम आजही टिकून आहे. पेटीतला मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांच्या तारा जिवंत राहतात. 'मेन बंद आहे' या भरवशावर पंख्याला हात घालणे म्हणूनच धोक्याचे असते. काही घरांत इन्व्हर्टरच्या आणि साध्या लाइनच्या न्यूट्रलची सरमिसळ झाली आहे. तिथे चोख हिशेबनिस असलेल्या आरसीसीबीचा हिशेब जुळत नाही आणि तो विनाकारण पडतो असे वाटते. दोष त्याचा नसतो, जोडणीचा असतो.

दुसरा धडा २६ जुलै २००५चा. त्या दिवशी उल्हास नदीचे पाणी बदलापूर, कल्याणच्या सखल वस्त्यांत शिरले. आपल्या बहुतेक जुन्या इमारतींत मीटरची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली असते. म्हणजे पाणी आधी तिथेच पोहोचते. पुराच्या वेळी महावितरण वीज तोडते, तेव्हा आपली चिडचिड होते. पण ती तोडलेली असते ती त्या खोलीतून कुणी चालत जाईल म्हणून. पाणी ओसरल्यावरही ओली पेटी आणि ओले मीटर वाळवून, तपासून घेतल्याशिवाय सुरू करायचे नसते. पुनर्विकासाच्या बैठकांत पार्किंगवर तासन्तास चर्चा होते. मीटर किती उंचीवर बसणार, हा प्रश्नही तिथे विचारायला हवा.

तिसरा धडा १२ ऑक्टोबर २०२०चा. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा आणि पडघा या उपकेंद्रांकडे येणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. एका वाहिनीवरचा भार दुसरीवर गेला, तिलाही तो झेपला नाही. आपल्या घरात गिझर आणि इंडक्शनचे जे होते, तेच तिथे शेकडो मेगावॉटच्या प्रमाणावर झाले. पण कळव्याच्या नियंत्रण कक्षात कुणी 'जरा मोठा बसवा' असे म्हणत नाही. वाहिनी का पडली ते आधी पाहतात, भार थोडा थोडा करून परत जोडतात. घरातही हीच पद्धत वापरायची आहे.

ती कशी, हे आता सांगतो.

दिवे गेले की आधी जिन्यात आणि समोरच्या इमारतीत पाहा. सगळीकडे अंधार असेल तर प्रश्न महावितरणचा आहे, १९१२ क्रमांकावर कळवा. फक्त आपलेच घर अंधारात असेल तर पेटीपाशी जा, पण झाकण उघडण्यापूर्वी दोन गोष्टी करा. पायात रबरी चप्पल घाला, हात कोरडे करा. आणि नाकाने, कानाने, डोळ्याने पाहा. जळका वास, चरचर आवाज, काळा डाग, भिंतीवरून आलेले पाणी, यांतले काहीही दिसले तर पेटीला हात लावू नका. थेट परवानाधारक वायरमनला बोलवा.

असे काही नसेल तर कोणता खटका पडला आहे ते पाहा. एकच एमसीबी पडला असेल तर त्या लाइनवरच्या वस्तूंचे प्लग काढा. खटका आधी पूर्ण खाली करा, मग वर करा. प्लग काढलेले असूनही तो लगेच पडला, तर वायरीतच शॉर्ट आहे. तो खाली राहू द्या आणि वायरमनची वाट पाहा. तो टिकला आणि वस्तू लावल्यावर काही मिनिटांनी पडला, तर भार जास्त आहे. गिझर बंद झाल्यावर शेगडी लावा. एखादी विशिष्ट वस्तू लावताच पडला, तर दोष त्या वस्तूत आहे.

'टी' बटणवाला रुंद खटका पडला असेल तर कुठेतरी गळती आहे. पावसाळ्यात, आपल्याकडच्या दमट हवेत, हे जास्त होते. भिंतीत मुरलेली ओल, गॅलरीतला बोर्ड, गिझरची जुनी कॉइल, धुलाईयंत्र हे नेहमीचे संशयित. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, मग रुंद खटका वर करा. आता एकेक एमसीबी वर करत जा. ज्याने तो पुन्हा पडेल, त्या लाइनवर गळती आहे. ती एक लाइन खाली ठेवून बाकीचे घर वापरता येते. सगळे खाली असतानाही रुंद खटका टिकत नसेल, तर न्यूट्रलमध्ये किंवा पेटीतच दोष आहे आणि तिथे आपले काम संपते. हा खटका सारखा पडतो म्हणून त्याला बाजूला काढून वायर थेट जोडून देणारे लोक भेटतात. घरातल्या लहान मुलांकडे एकदा पाहून मग त्यांना काय सांगायचे ते ठरवा.

एक दोष मात्र असा आहे, की त्यात खटका पडत नाही. एका खोलीतला दिवा एकदम झगझगीत होतो, शेजारच्या घरातला मंद होतो, पंखे सुसाट फिरू लागतात. इमारतीच्या मीटरच्या खोलीत न्यूट्रल सुटल्याची ही खूण असते. अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी घरात चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकते. साधे एमसीबी आणि आरसीसीबी यावर काही करू शकत नाहीत. विचार करत बसू नका, मेन बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि १९१२ला कळवा.

आणि कुणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

या सगळ्यात घरच्या माणसाची हद्द स्पष्ट आहे. खटके वर-खाली करणे आणि प्लग काढणे-लावणे एवढेच आपले काम. पेटीच्या पत्र्याचे स्क्रू उघडणे आपले काम नाही, कारण पेटीतला मेन बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर तिथे जिवंतच असते. टेस्टर पेटला नाही म्हणजे धोका नाही, असेही नसते. मीटर आणि त्याच्या अलीकडचे सील महावितरणचे, त्याला तर कुणीच हात लावायचा नाही.

एक काम मात्र आपणच करायचे आहे आणि त्याला वायरमन लागत नाही. रुंद खटक्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. खटका पडला तर तो जागा आहे. पडला नाही तर आत गंज चढलेला असेल, तो बदलायला हवा. तीस सेकंदांचे हे काम आहे. फक्त संगणक बंद करून आणि लिफ्टमध्ये घरचे कुणी नाही ना अशी काळजी न करता करता येते, कारण जाते ती फक्त आपल्या घरातली वीज. कॅलेंडर पेटीवरून काढून शेजारच्या खिळ्याला लावा आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारावर एक खूण करून ठेवा.